गणू पोस्टमनचा खटला

आमच्या घरात कोर्टाची भाषा रोज ऐकू यायची. आप्पा महाडच्या कोर्टात कारकून होते आणि नकलांचं राहिलेलं काम पिशवीतून घरी आणायचे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी मूळ कागद मोठ्यानं वाचायची आणि ते आपल्या हातातली नक्कल ताडून बघायचे. ‘साक्षीदार प्रतिज्ञेवर सांगतो की, सदरहू दिवशी मी माझे शेतावर हजर होतो’ अशी वाक्यं मला बाराव्या-तेराव्या वर्षीच पाठ झाली होती. एखादा काना राहिला तर आप्पा बोटानं थांबवायचे. स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, आणि एखाद्या जबाबाच्या मध्येच तो थांबायचा. मग आतून आई म्हणायची, “हा म्हातारा खोटं बोलतोय गो.” आप्पा वर न बघता म्हणायचे, “ते ठरवणं कोर्टाचं काम आहे.” आई म्हणायची, “कोर्टानं त्याला समोर बघितला तरी त्यांना कळलं नाय, मला हितं चुलीजवळ बसून कळतंय.” आणि पुन्हा भाकरीचा आवाज सुरू व्हायचा. आईला वाचता येत नव्हतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत तिचं माहेर, शाळा तिथून दोन डोंगर पलीकडे. पण ऐकण्याच्या बाबतीत तिच्याइतकं तयार माणूस मी पुढे कुठे बघितलं नाही.

दोन खोल्यांचं आमचं भाड्याचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मार्च महिन्यात, तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवसाला, मुंबईहून आणि गावोगावहून आमच्या समाजाची माणसं तळ्यावर यायची तेव्हा त्या दोन खोल्यांत वीस-पंचवीस जण झोपायचे आणि आई मोठ्या टोपात वालाचं बिरडं करायची. एरवी आम्ही तिघंच. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि आप्पांचे कागद.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. आम्हाला मराठी शिकवायला साळवी सर होते. अंगानं काटकुळे, खिशात कायम सुपारी, आणि वर्गात शिकवताना खिडकीतून बाहेर बघत बोलायची सवय. एक दिवस ते म्हणाले की परदेशात काही ठिकाणी नाटकात खटला चालवतात आणि प्रेक्षकांतलेच लोक वर बसवून निकाल त्यांच्याकडून घेतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलंय. निकालाप्रमाणे नाटकाचा शेवट बदलतो. “आपण करू,” ते म्हणाले. “नाटक आपण अर्धं करायचं. उरलेलं गावानं करायचं.” मला त्या रात्री झोप लागली नाही. शेवट माहीत नसलेलं नाटक! मी तोवर जी नाटकं पाहिली होती त्यांत शेवट पहिल्या अंकातच दिसायचा.

घरी सांगितलं तर आप्पांनी पहिली हरकत कायद्याची काढली. “ज्युरी आता राहिलेली नाही. पूर्वी मोठ्या कोर्टांत होती, ती काढून टाकली. तुम्ही लोकांना चुकीचा कायदा शिकवणार.” मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, “मग ज्युरी म्हणू नका, पंच म्हणा. पंच काही कोणी काढून टाकलेले नाहीत.”

खटला सरांनीच रचला. पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीची गोष्ट. त्या वाडीतला एक तरुण मुंबईला कामाला. एक दिवस तो अपघातात जातो आणि गावी तार येते. तार घेऊन गणू पोस्टमन डोंगर चढून वाडीत पोचतो, तर मेलेल्या मुलाच्याच घरी मांडव घातलेला. त्याच्या बहिणीला हळद लागते आहे. गणू दारात उभा राहतो. घरातली माणसं त्याला आत ओढतात, पानावर बसवतात. तो जेवतो आणि तार तशीच पिशवीत घेऊन आपल्या घरी परत जातो. तिसऱ्या दिवशी, वरात गेल्यावर, तो तार देतो. मुलाची आई मुंबईला पोचते तेव्हा मुलाचं सगळं होऊन गेलेलं असतं. आई तक्रार करते, मला माझ्या मुलाचं तोंड बघू दिलं नाही. गणू म्हणतो, मी तुझ्या मुलीचं लग्न वाचवलं. गणू दोषी की निर्दोष?

आज तार बंद झाली, आणि तार म्हणजे काय ते माझ्या नातवंडांना सांगून कळत नाही. आमच्याकडे ज्या घरात मुंबईला माणूस होता, म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात, तिथे पोस्टमन खाकी पिशवीतून तो पातळ कागद काढताना दिसला की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग वाचून घ्यायच्या.

गणू झाला दत्तू शिंदे, पोलादपूरहून रोज एसटीनं येणारा, बोलताना मान तिरकी करणारा. मुलाची आई झाली माझी मैत्रीण कुंदा. न्यायाधीश स्वतः सर. सरकारी वकील मी. गणूला वकीलच नव्हता, तो आपली बाजू आपण मांडायचा. वकिलाचं काम मी हट्टानं मागून घेतलं. माझा मामा म्हणायचा, ‘सुमन, तू वकील हो, आपल्यात बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, मुद्द्याचं बोलणारी पाहिजेत.’ मामा मुंबईला गिरणीत होता. आईच्या पाठचा, तिचा एकुलता भाऊ. त्याचं पत्र महिन्याला एक यायचं, त्यात माझ्यासाठी वेगळा कागद असायचा. माझ्या एस.एस.सी.च्या परीक्षेच्या वेळी तो अचानक गेला. शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा आईनं सांगितलं की मामाची तार आलीय. आप्पा त्या आठवड्यात कोर्टाच्या कामाला अलिबागला गेले होते. आमच्यापैकी कोणालाच जाता आलं नाही, सगळं होऊन गेल्यावरच कळलं, असं मला सांगितलं होतं, आणि मी तसंच धरून चालले होते.

नाटकाची गोष्ट मी पहिल्यांदा घरी वाचून दाखवली तेव्हा आप्पांनी मध्येच थांबवलं. “विषय बदला म्हणावं सरांना. टपालखात्याचा नियम स्पष्ट आहे, यात खटला कसला?”  आई तांदूळ निवडत होती. आप्पांच्या हरकती नेहमी कायद्याच्याच असायच्या, म्हणून मी ती मनावर घेतली नाही. शेवटी त्यांनी एक अट घातली. मुली गावोगाव जाणार तर कोणीतरी मोठं माणूस बरोबर पाहिजे. ते माणूस म्हणजे आई. दर रविवारी ती आमच्या सगळ्यांसाठी भाकऱ्या बांधून घ्यायची, एसटीत माझ्या शेजारी बसायची, आणि प्रयोग चालू असताना शाळेच्या पायरीवर डबे सांभाळत बसून राहायची.

प्रयोग दुपारी तीनला, शाळेच्या पडवीत किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेत. मागे आईचंच एक जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलेलं. पडद्याआड दोन मडकी. काळ्या मडक्यात चिंचोका पडला की दोषी, तांबड्यात पडला की निर्दोष. सर सुरुवातीलाच गावातून अकरा पंच निवडायचे, आणि त्यांचा हट्ट असा की निम्म्या बायका पाहिजेत, सगळ्या वाड्यांतली माणसं पाहिजेत, आणि जाजम एकच. हे सोपं नव्हतं. एका गावात मराठवाडीतले पंच जाजमाच्या एका टोकाला आणि आमच्या समाजाच्या वाडीतले दोघे दुसऱ्या टोकाला असे बसले, की मधली जागा रिकामी. सर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून सुपारी कातरत राहिले. नाटक सुरू होईना. अर्ध्या तासानं एक म्हातारे गृहस्थ कंटाळून म्हणाले, “सरका रे पोरांनो, काय बैलगाडी जायची हाय मधनं?” आणि सगळे सरकले.

मला सगळ्यात जास्त उत्सुकता निकालाची नसायची. निकालाच्या आधीची जी कुजबुज पंचांत चालायची, तिची असायची. मी एक वही केली होती. कोण काय म्हणालं ते त्यात लिहायची. उमरठच्या बाजूला गणू सुटला. तिथल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, “मेलेला दोन दिवसांनी जास्त मरत नाय. लगीन मोडलं असतं तर पोर जल्माची बसली असती.” पोलादपुरात तो दोषी ठरला, कारण एका रिटायर माणसानं बाकीच्यांना पटवलं की आज लग्नासाठी तार थांबली तर उद्या भांडणासाठी थांबेल. आमच्या महाडच्या वस्तीत पंचांत इतकं भांडण झालं की दोघांनी चिंचोके खिशात घालून घर गाठलं. प्रयोग संपला की लोक आमच्याभोवती जमायचे आणि आपापल्या तारेची गोष्ट सांगायचे. आमच्याकडे आली होती तेव्हा असं झालं, आमच्या चुलत्यानं असं केलं. दत्तूला तर एका बाईनं खरोखरच्या पोस्टमनसारखं धरून विचारलं, “तू जेवलास कसा रे त्यांच्या घरात? घास उतरला कसा?” दत्तूनं नुसती मान तिरकी केली. सरांनी ते वाक्य पुढच्या प्रयोगात माझ्या उलटतपासणीत घातलं.

खरं सांगायचं तर मला जिंकायची चटक लागली होती. गणू दोषी ठरला की माझा दिवस सोन्याचा जायचा. मी आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, ते शिकत होते. ‘तुम्हाला कोणी अधिकार दिला?’ हे वाक्य मी असं टाकायची की पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प व्हायची.

वरंधच्या अलीकडे एका वाडीत आमचा प्रयोग होता. भोरकडे जाणाऱ्या गाडीनं आम्ही उतरलो, भाकरी खाल्ली, पाणी प्यायलो. गाव बहुतेक कुळवाडी शेतकऱ्यांचं, खालच्या अंगाला बौद्धांची सात-आठ घरं. पंच नीट बसले. खटला चांगला चालला. कुंदा रडली तेव्हा बायकांनी पदर डोळ्याला लावले. माझं भाषण झालं. सरांनी पंचांना सांगितलं, आता विचार करा आणि एकेकानं पडद्यामागे जा.

पंचांत एक बाई होती, पन्नाशीची, दंडाला काळा दोरा, पाय दुमडून ताठ बसलेली. तिला सगळे ताईबाई म्हणत होते. ती उठली नाही. म्हणाली, “एक इचारायचं हाय.”

सर म्हणाले, “विचारा.”

“ती तार दोन राती ह्या गणूच्या घरात व्हती. मंग त्याच्या बायकोला म्हायत व्हतं का नाय?”

सर थोडे गडबडले. “गणूची बायको नाटकात नाही.”

“का नाय? लगीन झालेला दिसतोय की.” सगळी हसली. दत्तू लाजला. ताईबाई हसली नाही. “पुरुष काय, पिशवी खुंटीला लावतो न् भायेर जातो. घरात ती तार घेऊन कोण बसलंवतं ते आमाला समजाया पायजे. तिला बोलवा. तवर मी चिंचोका टाकीत नाय.”

“ताईबाई बोलते ते बरोबर हाय,” जाजमावरचा एक जण म्हणाला. मग बाकीच्यांनीही चिंचोके खाली ठेवले. अकरा चिंचोके जाजमावर. असं कुठेच झालं नव्हतं. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी कुंदाकडे. कुंदा आई झालेली, ती बायको कशी होणार? गाडीला दीड तास होता. मला वाटलं प्रयोग इथेच मोडला.

तेवढ्यात मागून आवाज आला. “मी हाय त्याची बायको.”

आई पायरीवरून उठली होती. हातातला डबा तिनं तिथेच ठेवला, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि लोकांमधून वाट काढत ती साक्षीदाराच्या जागी येऊन उभी राहिली. गर्दीतून कोणीतरी विचारलं, “ह्या कुठल्या?” आई वळून म्हणाली, “पोलादपूरची हाय. बौद्धवाडीतली. आयकायचं नसंल तर सांगा, मी बसते.”  ताईबाई म्हणाली, “बोल गो बाय.”

सरांनी शपथ दिली. आमच्या नाटकात कुठल्या पोथीवर हात ठेवायची पद्धत नव्हती. ‘समोर बसलेल्या माणसांच्या साक्षीनं खरं सांगेन’ एवढंच म्हणायचं. आईनं ते म्हटलं. आणि मला उलटतपासणीला उभं राहावं लागलं. मी मनातून खूश झाले होते. आईनं प्रयोग सावरला, आणि माझ्यापुढे नवा साक्षीदार होता.

मी विचारलं, “तार घरात आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हतं. पोस्टमननं दारात वाचून दावली. इंग्रजी अक्षरं. मला काय वाचता येत नाय.”

‘पोस्टमननं’ हा शब्द मला खटकला. गणूची बायको आपल्या नवऱ्याला पोस्टमन कशाला म्हणेल? पण पाठांतर नाही, चुकायचंच, असं वाटून मी पुढे गेले. “तार किती दिवस घरात ठेवली?”

“पाच दिवस.”

“दोन,” मी हळूच म्हणाले. नाटकात दोन होते.

“पाच,” आई म्हणाली. “तांदळाच्या डब्यात, तळाला.”

“का ठेवली?”

“पोरीचे पेपर चालू व्हते. गणिताचा व्हायचा व्हता. इंग्रजीचा व्हायचा व्हता.”

त्या क्षणी मला काय झालं ते मी इतक्या वर्षांनीही नीट सांगू शकत नाही. भोवतीची माणसं जागच्या जागी होती, कुठेतरी कोंबडी ओरडत होती, आणि माझ्या हातात सरांनी लिहून दिलेले प्रश्नांचे कागद होते, त्यांतला एकही प्रश्न उपयोगाचा नव्हता. सर खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं आई गोष्ट रचतेय आणि फार छान रचतेय. मी थांबले असते तर चाललं असतं. पण मला पुढचं कळल्याशिवाय राहवेना. मला वाटतं माझ्या अंगात वकिलापेक्षा ही जाणून घ्यायची ओढच जास्त होती.

“मेलेलं माणूस तुमचं कोण?”

“पाठचा भाऊ.”

“तुम्ही गेलात?”

“नाय. मी गेली असती तर पोरीला कळलं असतं. तिला सकाळी डबा कोण देणार? घरवाल्यांना पाठवलं. पोरीला सांगितलं, कोर्टाच्या कामाला गेलेत.”

“तिला विचारलंत का, तुला कळायला हवं की नको?”

आईनं माझ्याकडे बघितलं. तोवर ती पंचांकडे बघून बोलत होती. “नाय इचारलं. इचारलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं.”

“तुम्हाला कोणी अधिकार दिला?” हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की ते आपोआप निघालं. पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

“कोणी नाय दिला,” आई म्हणाली. “भावाचा तिच्यावर लय जीव व्हता. त्यानंच तिला शिकायला लावलीवती. मला वाटलं, ती पेपर सोडून रडत बसली तर तो गेलाच, न् त्यानं केलेलंबी गेलं. म्हणून ठेवली. ते केलं ते केलं, त्याचं मला काय वाटत नाय. पन ती रोज पेपरवरनं आली की इचारायची, मामाचं पत्र आलं का गो आई? न् मी म्हणायची, येईल. पाच दिवस मी ‘येईल’ म्हटलं. त्याचा गुन्हा मला लावा.”

 मी म्हणाले, “उलटतपासणी संपली.” आई परत जाऊन पायरीवर बसली आणि डब्यांची झाकणं नीट लावू लागली.

पंच एकेक करून पडद्यामागे गेले. चिंचोक्यांचे आवाज मडक्यात येत होते, पण कोणत्या मडक्यात ते आवाजावरून कळायचं नाही. आठ काळ्यात निघाले, तीन तांबड्यात. गणू दोषी. मला वाटलं होतं आईचं ऐकून लोक विरघळतील. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी ताईबाईला विचारलं, एवढं ऐकून दोषी का? ती म्हणाली, “त्या बायनं भोगलं ते खरंच हाय. तिच्या जागी मी असते तर मीबी तेच केलं असतं. पन तार ज्याची त्याला देयाची. ज्यानं त्यानं आपलं दुःख आपल्या टायमाला करायचं. दुसऱ्यानं ते डब्यात ठेवायचं नाय.” मग ती उठून थेट पायरीपाशी गेली. आईला म्हणाली, “राग मानू नको गो.” आई म्हणाली, “राग कसला? बरोबर केलंत. मला जाजमावर बसवली असती तर मीबी काळ्यातच टाकला असता.” दोघी तिथेच बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. निघताना ताईबाईनं आईला घरातून आणून कोकमं दिली, आणि चहा पिऊन जा म्हणून आग्रह केला. आई तिच्या ओटीवर बसून चहा प्यायली. सर माझ्या कानात म्हणाले, “तुझी आई म्हणजे मोठी नटी आहे गं.” मी हो म्हटलं.

गाडीत मी आईशेजारी बसले. मला राग आला होता. तीन वर्षं मी समजत होते की आम्हाला उशिरा कळलं. त्या पाच दिवसांत मी मामाला एक पत्रही लिहिलं होतं, गणिताचा पेपर कसा गेला ते सांगणारं, आणि आईनं ते माझ्या हातातून घेऊन ‘टाकते’ म्हटलं होतं. त्या पत्राचं काय झालं हे विचारायचं माझ्या ओठांवर येत होतं. मी विचारलं नाही, आणि आजवर ते मला माहीत नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. महाड जवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, “तुला सांगायचंच व्हतं. रोज म्हणायची, उद्या सांगीन.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. आप्पा आंघोळ करून, कोर्टाचा कोट घालून न्याहारीला बसले. आईनं त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. मी त्यांच्या समोर बसले आणि सरळ विचारलं, “आप्पा, तुम्ही त्या वेळी अलिबागला गेला नव्हतात ना?”

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. “सांगितलं मी तिला. वरंधला, समद्या गावादेखत.”

आप्पांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. कायद्याचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “मी म्हटलं होतं विषय बदला.”

“मामाला तुम्ही बघितलंत?”

“बघितलं.”

मी आणखी काही विचारणार तोच आई चुलीजवळून उठली आणि आमच्याजवळ येऊन जमिनीवर बसली. आप्पा मुंबईहून परतले तेव्हा मी घरात होते, म्हणून त्यांना काही बोलता आलं नव्हतं. नंतर बोलायची वेळ निघून गेली. आईनं विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं ते दोघं एका घरात हे असं घेऊन राहिले होते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं.

आई म्हणाली, “दाढी केलीवती का त्याची? तो दाढी वाढू देयाचा नाय.”

“केली होती,” आप्पा म्हणाले. “त्याच्या खोलीतल्या एका जोडीदारानं केली. दुसऱ्याची दाढी करायची सवय नव्हती त्याला, गालाला जरासं लागलं.”

“कुठल्या गालाला?”

आप्पांनी डोळे मिटले. जबाब लिहिताना तारीख आठवायला मिटायचे तसे. “डाव्या.”

“कपडे?”

“पांढरा सदरा. नवा. तळ्यावर यायला म्हणून शिवला होता त्यानं.”

“माणसं व्हती?”

“भरपूर. अख्खं खातं आलं होतं गिरणीचं. जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. वंदना झाली तेव्हा खालच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा म्हणत होती. मी बाजूला उभा होतो, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, ह्याच्या घरचं कोण आलंय? मी म्हटलं, मी. त्यानं मला पुढे नेलं.”

आई रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी गालांवरून उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मामा गेल्यावर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं तिचा स्वभावच घट्ट आहे. मी तिच्याजवळ सरकले आणि तिचा हात धरला. हाताला पीठ होतं. माझा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. तो बराच काळ राहिला, येत-जात राहिला. पण त्या वेळी मलाही मामाचं सगळं ऐकायचं होतं, तिच्याइतकंच.

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कोर्टाची वेळ झाली होती आणि त्यांना कधी उशीर झालेला मी पाहिला नव्हता. ते बोलायचे थांबले.

“थांबलात कशाला?” आई म्हणाली. “पुढं नेलं तुमाला. मंग?”

आप्पांनी कोट काढून मांडीवर घेतला आणि ते पुढे सांगू लागले.